तीन दिवसांच्या बोलीवर

“ह्याला जुळा भाऊ नाही,” अण्णा पोतदार म्हणाले आणि पुडीतला खडा त्यांनी चिमट्याने उचलून गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर ठेवला. “पन्नास वर्षं या गादीवर बसतोय. पितांबरी नीलम सात-आठ बघितले असतील. पण असा मधोमध वाटणी केलेला नाही बघितला. हात नका लावू. नुसतं बघा.”

आम्ही नुसतं बघितलं. खडा पावट्याच्या दाण्याएवढा. अर्धा गर्द निळा, अर्धा पिवळा, आणि दोन्ही रंग जिथे एकमेकांना भेटत होते तिथे एक तिरपी, जराशी नागमोडी रेघ. जणू आत दोन भाऊ राहत होते आणि बोलणं बंद होतं.

“अस्सल आहे ना?” आईने विचारलं. “भट्टीत भाजून रंग आणलेला नको. आमचे जोशीबुवा फार कडक आहेत.”

“बाई, भाजून आणला असता तर रेघ सरळ आणली असती.”

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या एप्रिलची. सांगलीचा सराफ कट्टा, शनिवारची संध्याकाळ, आणि गादीवर ओळीने आम्ही तिघं: आई, मी, आणि जिच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं ती सुमेधा आठल्ये. मिरजेच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं होतं की सुमेधाचा शनी माझ्या आयुष्याच्या वाटेवर बसला आहे आणि तिचा गुरू त्याला उठवायला असमर्थ आहे. म्हणजे धोका माझ्या जिवाला होता, अंगठी तिने घालायची होती, आणि दोष तिच्या पत्रिकेत असल्यामुळे पैसेही तिनेच द्यायचे होते. शनीला नीलम, गुरूला पुष्कराज, अशा दोन अंगठ्या झाल्या असत्या. पितांबरीत दोन्ही ग्रह एकाच खड्यात भागत होते. ही काटकसर आईने सुमेधाला उपकार म्हणून सांगितली होती.

सुमेधा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. हंगामात दर दोन तासांनी उसाचा रस तपासायचा आणि वहीत नोंद करायची, हे तिचं काम. त्या कामाने तिला एक सवय लागली होती. काही घडलं की ती आधी घड्याळाकडे बघायची.

आम्ही तोवर चार वेळा भेटलो होतो. तिसऱ्या भेटीत, आमराईच्या बागेत, तिने विचारलं होतं, “माझी नोकरी?” मी म्हणालो, “म्हणजे काय! चालूच राहणार! कोण नाही म्हणतो ते बघतो!” हे मी इतक्या जोरात म्हणालो की झाडांना पाणी घालणारा माळी पाइप हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. सुमेधा हसली. ते हसू बघितल्यापासून मला ती हवी होती. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो, मोजमापाचा माणूस होतो, पण ते ‘हवी असणं’ मला कशात मोजावं ते कळत नव्हतं.

आणि मी रागीट होतो. आमच्यात ‘दातारांचा राग’ असं म्हणायची पद्धत होती, जसं लोक अमक्यांकडचं लोणचं म्हणतात. माझा राग सगळं खातं ओळखून होतं. मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवतो.

“आता रीत ऐका,” अण्णा सुमेधाला म्हणाले. “नीलम कुणी तडकाफडकी विकत नाही, कुणी घेऊ नये. तो लाभला तर लाभतो, नाहीतर घर उलटंपालटं करतो. मी हा कच्च्या अंगठीत बसवून देतो, खालून उघडा, कातडीला लागेल असा. तीन दिवस बोटात ठेवा. मंगळवारी ह्याच वेळेला या.”

“या तीन दिवसांत काय बघायचं?” सुमेधाने विचारलं.

“वाईट काही होतंय का ते.”

“वाईट म्हणजे काय काय धरायचं?”

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. असं कुणी विचारलं नसावं. “वाईट स्वप्न. पडझड. आजारपण. भांडण. ज्याने मन उडेल ते सगळं.”

“आणि वाईट होतं की चांगलं, हे ठरवायचं कुणी?”

“ज्याच्या बोटात, त्याने. दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नाही. तुम्ही वाईट म्हणालात की खडा माझा. पैसे नकोत आणि वाद नको. आमच्या आजोबांपासून असंच आहे.”

“थोडं चांगलं, थोडं वाईट झालं तर?”

“तर वजन करावं लागेल. पण ते तुमचं तुम्ही. माझा काटा सोन्याचा आहे.”

साडेसहाला अण्णांनी अंगठी तिच्या मधल्या बोटात घातली. तिने घड्याळ बघितलं, पर्समधून एक छोटी वही काढली आणि वेळ लिहिली. “हुशार आहे हो,” आई माझ्या कानात म्हणाली. मला बरं वाटलं. माझ्या जिवाची कुणीतरी एवढ्या काळजीने नोंद ठेवणार होतं.

परतताना रिक्षात आई मध्ये बसली.

“आता हंगाम संपला की नोकरीचंही उरकून टाकू,” आई समोरच्या आरशाकडे बघत म्हणाली.

“उरकून म्हणजे?” सुमेधाने विचारलं.

“म्हणजे सोडायची गं. घरात काय कमी आहे? मळीच्या वासात दिवसभर उभं राहायचं, आणि संध्याकाळी तोच वास घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं? छे.”

सुमेधा आईच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच गेली. मला आठवतंय, कान तापले होते.

“अहो, खड्डे शोधून शोधून त्यात घालताय का?” मी रिक्षावाल्यावर ओरडलो.

“रस्ता माझ्या बापानं केलाय व्हय, सायेब?”

“बापावर जाऊ नका! थांबवा रिक्षा! उतरतो आम्ही!”

“उतरा की. मी कुठं धरून ठेवलंय?”

राममंदिरापाशी आम्ही उतरलो आणि तिघंही चालत निघालो. मी अर्धा रस्ता त्या रिक्षावाल्याचा समाचार घेत होतो. आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तोही मी त्याच्याच नावावर घातला. सुमेधाने दिव्याच्या खांबाखाली थांबून घड्याळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“खड्याचं का?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “त्याचंच.”

रविवारी याद्या करायला आम्ही आठल्यांकडे गेलो. सुमेधाचे वडील निवृत्त पोस्टमास्तर, विधुर, गुडघ्यांनी अधू, खुर्चीतूनच सगळ्यांना ‘या, बसा’ करणारे. पोहे झाले, एकोणीस मेचा मुहूर्त ठरला. आईने सुमेधाच्या बोटातल्या अंगठीकडे बघून डोळे मिटले.

“बघा मास्तर, चोवीस तास नाही झाले आणि तारीख ठरली. खडा लाभतोय.”

“देवाची कृपा,” मास्तर म्हणाले.

“आणि नावही ठरवून टाकलंय. श्रीलक्ष्मी. श्रीनिवास आणि श्रीलक्ष्मी. पत्रिका छापायला द्यायच्या आधी सांगितलेलं बरं.”

मास्तर लेकीकडे बघायला लागले. सुमेधाने पोह्यांच्या बशा एकात एक ठेवल्या आणि थेट मला विचारलं, “मला माझं आहे ते नाव आवडतं. तुम्हाला?”

मला आवडायचं. चार भेटींत मी ते नाव कारण नसताना वाक्यावाक्याला घालत होतो. आता फक्त तेवढं म्हणायचं होतं. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघून अशी हसत होती की जणू मी लहानपणी शाळेतल्या गॅदरिंगला गोष्ट सांगायला उभा आहे आणि ती पहिल्या रांगेत बसली आहे. माझं डोकं भणाणलं. तेवढ्यात शेजारच्या घरात रेडिओ लागला. फार मोठ्याने लागला होता, हे मात्र खरं.

मी उठून खिडकी उघडली. “अहो! इथे महत्त्वाचं बोलणं चाललंय! बहिरे आहात का?”

“हो!” पलीकडून एक म्हातारा आवाज तितक्याच जोरात आला. “कोण आहे?”

“ते दामलेआजोबा,” मास्तर हळूच म्हणाले. “त्यांना खरंच ऐकू येत नाही. म्हणूनच ते…”

तरी मी खिडकी आपटूनच बंद केली. एकदा चढलेला राग मी अर्ध्यावर उतरवत नसे. सुमेधा आत गेली. दाराच्या फटीतून मला दिसलं की ती ओट्यापाशी उभी राहून लिहीत होती.

सोमवारी सकाळी आईने मला पुढ्यात बसवून सुमेधाच्या राजीनाम्याचा मसुदा सांगितला, आणि मी तो लिहिला. मी विरोध केला नाही असं नाही. आईला ‘घरगुती कारणास्तव’ हवं होतं, मी ‘कौटुंबिक’वर ठाम राहिलो. तो मुद्दा मी जिंकला. खाली सहीपुरती जागा सोडून कागदाची घडी घातली आणि दुपारी रजा टाकून स्कूटरने कारखान्यावर गेलो.

फाटकावरच्या वॉचमनने वहीत नाव, वेळ आणि काम लिहायला लावलं. काम या रकान्यात मी ‘खाजगी’ लिहिलं. सुमेधा पांढऱ्या कोटात बाहेर आली. अंगठी बोटात होती, आणि हातात काचेची नळी, कारण हातातलं काम ती मध्ये सोडत नसे. तिने कागद उभ्या उभ्या वाचला.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“सुरेख आहे. आणि यात लिहिलंय ते?”

“ते… म्हणजे आई म्हणत होती की…”

“काकू काय म्हणतात ते मला शनिवारीच कळलं. मी तुम्हाला विचारतेय. बागेत तुम्ही मला काहीतरी सांगितलं होतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मला चढलेल्या आवाजाशी बोलता यायचं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून वॉचमन म्हणाला, “सायेब, तुमची जायची येळ लिवायची ऱ्हायलीय. आत्ताच लिवून ठेवता काय?”

“मी काय चोर आहे?” मी गर्रकन वळलो. “जायची वेळ आत्ता लिहू? मी कधी जाणार ते तू ठरवणार? सरकारी अधिकाऱ्याशी बोलायची ही रीत? नाव काय तुझं? नाव सांग!”

त्याने नाव सांगितलं. मी ते लिहून घ्यायला खिसे चाचपले, तर पेन त्याच्याकडेच होतं. वजनकाट्यापाशी उभे असलेले दोन गाडीवान बघायला आले. सुमेधा माझं संपेपर्यंत उभी राहिली. मग वॉचमनला म्हणाली, “शिंदेमामा, पाणी प्या जरा.” आणि मला म्हणाली, “उद्या सहाला भेटू. पोतदारांकडे.”

राजीनाम्याची घडी तिने फाडली नाही, परत दिली नाही. छोट्या वहीत ठेवली. मी स्कूटरवर शीळ घालत परत आलो. आईला सांगितलं, “घेतला तिने.” आईने देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी सहाला आम्ही तिघं पुन्हा त्याच गादीवर तशीच ओळीने बसलो. अण्णांनी सुमेधाचा हात न धरता, वाकून, खडा लांबूनच निरखला.

“बोला ताई. लाभला?”

“लाभला म्हणजे काय अण्णा!” आई सरसावली. “तीन दिवसांत तीन कामं…”

अण्णांनी तळवा वर केला. “बाई, ज्याच्या बोटात, त्याने.”

सुमेधाने वही उघडली आणि प्रयोगशाळेत साहेबाला आकडे सांगावेत तशी वाचायला लागली.

“शनिवार, सहा पंचावन्न. रिक्षात. काकूंनी नोकरी सोडायला सांगितलं. श्रीनिवास रिक्षावाल्यावर चिडले.

“रविवार, दहा वाजून वीस मिनिटं. आमच्या घरी. काकूंनी माझं नाव बदललं. श्रीनिवास दामलेआजोबांवर चिडले.

“सोमवार, तीन वाजून दहा मिनिटं. कारखान्याचं फाटक. माझा राजीनामा श्रीनिवासांच्या अक्षरात आला. श्रीनिवास शिंदेमामांवर चिडले.”

तिने वही मिटली. “एवढंच आहे अण्णा. स्वप्न पडलं नाही, ताप आला नाही, पडझड नाही.”

“मग?” आई म्हणाली. “यात वाईट काय झालं? नोकरीचं ठरलं, नावाचं ठरलं, मुहूर्त ठरला!”

“हो काकू. तेच वाचलं मी.”

आईला ते कळायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही.

“अण्णा, ही खड्याची परीक्षा चालली आहे का आमची?” आई म्हणाली. “मुलीच्या पत्रिकेत दोष, तो पदरात घेऊन आम्ही चार पावलं पुढे आलो, आणि ही आमचे तास-मिनिटं लिहून ठेवते! आई नाही, म्हणून वळण नाही. श्रीनू, तोंडात काय बोळा घातलाय? बोल हिला!”

‘आई नाही’ हे ऐकल्यावर सुमेधाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने अंगठी पिरगाळून पेरापर्यंत आणली आणि तिथेच थांबली. मी तिला चिडलेलं पहिल्यांदा बघत होतो. ती माझ्यासारखी नव्हती चिडत. तिचा राग कुठे जायचं ते माहीत असलेला होता, आणि तो आईकडे गेलाच नाही. तो सरळ माझ्याकडे आला.

“शनिवारी साडेसहाला घातली होती,” ती म्हणाली. “आत्ता सहा अठरा झालेत. म्हणजे तीन दिवस पुरे व्हायला बारा मिनिटं आहेत. मला हे वाचून दाखवायची हौस नव्हती, श्रीनिवास. मी रोज वाट बघत होते की वहीत काहीतरी वेगळं लिहायला मिळेल. तुमचा राग मला आवडला होता. बागेत तो माळी वळून बघायला लागला, तेव्हा मला वाटलं, हा माणूस वेळ आली की माझ्यासाठी ओरडेल. आता वेळ आली आहे. मी समोर बसलेय, काकू शेजारी बसल्यात. ओरडा.”

अण्णा भिंग पुसत होते, आणि ते आधीच स्वच्छ होतं.

राग आला होता. आजवर इतका खरा राग मला आला नव्हता, पुढेही आला नाही. बेंबीपासून निघाला आणि वर यायला लागला, आणि या वेळी त्याच्याबरोबर वाक्यंही येत होती. आई, ती नोकरी सोडणार नाही. आई, तिचं नाव सुमेधा आहे. आई, तिच्या आईबद्दल तू जे बोललीस त्याची माफी माग. तीनच वाक्यं. मला ती आजही पाठ आहेत. दाढी करताना मी ती चांगली ठणकावून म्हणतो. त्या दिवशी ती गळ्यापर्यंत आली, ओळीने उभी राहिली. मी आईकडे वळलो. आईचे डोळे भरले होते, हनुवटी थरथरत होती, आणि तिने माझा हात धरला होता. कधी धरला ते मला कळलं नव्हतं.

मी मान वर केली.

“हा पंखा का बंद आहे?” मी ओरडलो. “माणसं उकडून मरायची वेळ आली इथे! पन्नास वर्षं गादीवर बसताय म्हणे! गिऱ्हाइकाला वारा द्यायची अक्कल नाही? बंद ठेवायचा तर टांगलाय कशाला?”

कट्ट्यावरून जाणारी दोन माणसं आत डोकावली आणि पुढे गेली.

सुमेधाने अंगठी काढली आणि चादरीवर ठेवली. या वेळी तिने घड्याळ बघितलं नाही, वहीही उघडली नाही. अण्णांना वाकून नमस्कार केला, पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या, आणि ती उजव्या हाताला गणपतीच्या देवळाकडे निघून गेली. तिचा पदर एका हातगाडीला अडकला, तो तिने सोडवून घेतला. एवढंच मला दिसलं. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

अण्णांनी कच्च्या अंगठीचे काटे चिमट्याने उघडले, खडा बाहेर काढला, उजेडात एकदा बघितला. त्याची पुडी बांधली. पुडी पेटीत ठेवली, पेटी कपाटात, आणि कपाटाला कुलूप लावलं. मग गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

“खडे उघड्यावर असले की आम्ही पंखा लावत नाही,” ते म्हणाले. “पुड्या उडतात. आता काही हरकत नाही.”

पंखा दोनदा कुरकुरला आणि फिरायला लागला. आईच्या कपाळावरचे केस हलले.

“येतोय का वारा?” अण्णांनी विचारलं.

मी हो म्हणालो.